पुढचा बाक

केलगेरी, धारवाड
१२ जानेवारी

अक्का,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहायला घेतलं तर निम्मं पान त्यातच जाईल आणि वाचून तुला हसू येईल. म्हणून नुसतंच अक्का.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. फाडू नकोस, आधी वाच. तू माझा फोन उचलत नाहीस आणि मीही आता करत नाही, तेव्हा कोण आधी वाकलं हा प्रश्न नाही. हे पत्र समेटासाठी नाही, हात सुटावा म्हणून आहे. कसा, ते सांगते.

मी दहावीला बसते आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच.

आमच्या अंगणवाडीच्या टीचर पुढच्या वर्षी रिटायर होणार. मी तिथं मदतनीस. पोरांचं उप्पीट शिजवायचं, नाकं पुसायची, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. टीचर आजारी पडल्या की अक्षरं, अंक, गाणी सगळं मीच घेते आणि पोरांना त्यात काही फरक कळत नाही. पण त्यांच्या जागेवर अर्ज करायचा तर दहावी पाहिजे. मी सोडून दिलं होतं. निवीने धरून ठेवलं. तुझी भाची आता कॉलेजात जाते, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आईला शिकवण्याइतका आनंद दुसऱ्या कशात नसतो. तिने माझं नाव घातलं, पुस्तकं आणली आणि मला म्हणाली, "आई, तुला येतं सगळं, पण तीन तास लिहायची सवय नाही. रोज पानभर लिही. काहीही लिही, कुणालाही लिही."

कुणाला लिहू? माझी सगळी माणसं या गल्लीतच राहतात. लांबचं म्हणावं असं माझं माणूस एकच, नाशिकच्या दवाखान्यात नर्स असलेलं. त्यात आपलं बोलणं बंद, म्हणजे उत्तराची वाट बघायचीही कटकट नाही. यापेक्षा सोयीचं कोण मिळणार?

आमच्या सासूबाई, लक्कव्वा, मला पुस्तक घेऊन बसलेलं बघून म्हणतात, "ई वयस्सिन्याग याक बेकव्वा?" या वयात कशाला पाहिजे हे? म्हणतात, आणि जुन्या कॅलेंडरची पानं काढून माझ्या पुस्तकांना कव्हरं घालून देतात. गणिताच्या पुस्तकावर लक्ष्मी आली आहे. बघू या ती काय करते ते.

पान भरलं. थांबते.

पद्मा


८ फेब्रुवारी

अक्का,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे मीच लिहिलं होतं. तरी पोस्टमन दिसला की मान वर होते. ती सवय आहे, त्याचा भलता अर्थ काढू नकोस.

कन्नड, हिंदी, समाज यांचं बरं चाललंय. विज्ञानात शरीराचं सगळं मला कळतं, निवीचं बाळंतपण आणि अंगणवाडीतले खोकले पुरेसे आहेत. घोडं अडलंय ते गणितात. तिथं मी अजूनही तीच पद्मा आहे, तुझ्या वहीत डोकावणारी. तू म्हणायचीस, "आकृती काढ गं, बाकीचं आपोआप येतं." तुला येत असेल. मी आकृती काढते आणि तिच्याकडे बघत बसते. तीही माझ्याकडे बघत बसते.

मागच्या रविवारी निवीने घड्याळ लावून सरावाचा पेपर दिला. पहिलं गणित मी आदल्याच दिवशी सोडवलेलं होतं. पण तिने "सुरू" म्हटलं आणि माझ्या डोळ्यांपुढचं पान कोरं झालं. छातीत पिठाची गिरणी चालू झाली. मी उठले आणि भांडी घासायला गेले. घासून पालथी घातलेली भांडी परत घासली. निवी रागावली असती तर बरं झालं असतं. ती मऊ आवाजात म्हणाली, "होतं आई असं." तिच्या बारावीच्या वेळी मी हेच म्हणायची आणि ती दार आपटायची. तिला तेव्हा काय वाटत होतं ते मला आता कळलं.

निवीचे अप्पा इथल्या बेलूरच्या इंडस्ट्रियल एरियातल्या फॅक्टरीतून आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांचं बोलणं तुला माहीत आहे, शब्द म्हणजे जणू घरचं तूप, जपून वाढायचं. जेवण अर्धं झालं तेव्हा म्हणाले, "मशीन अडकलं की नवीन पोरगं आधी आत हात घालतंय. घालायचा नसतोय. हात मागं घ्यायचा, बंद करायचं, मग बघायचं कुठं अडकलंय ते."

मी म्हटलं, "आणि माझं बंद करायचं बटण कुठं हाय?"

"पेन खाली ठेव की," म्हणाले, आणि आमटी मागितली.

खोटं कशाला सांगू, त्याचा उपयोग होतो. पान कोरं झालं की पेन खाली, दोन्ही हात मांडीवर, खिडकीबाहेर जे दिसेल ते बघायचं. शेजारच्यांची म्हैस, वाळत घातलेली चादर, काहीही. थोड्या वेळाने अक्षरं परत येतात. सगळी नाही, पण सुरुवात करण्यापुरती.

अजून अर्धं पान उरलंय, तर एक गोष्ट लिहून टाकते. तुला माहीत असलेलीच, पण माझ्या बाजूने तू ती कधी ऐकलेली नाहीस.

स्थळ तुझं होतं. तू मोठी, पण कावीळ होऊन तुझं एक वर्ष गेलं आणि आपण दोघी एकाच वर्गात आलो. दहावी तोंडावर आली आणि धारवाडचं स्थळ आलं. मुलगा कामाला, माणसं चांगली, त्यांना घाई. तू उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, "मी परीक्षा देणार. मारलंत तरी आत्ता लग्न करणार नाही." आपले अप्पा शब्द देऊन बसले होते. दोन दिवसांनी अप्पांची नजर फिरली ती माझ्यावर थांबली. मी नाही म्हटलं नाही. मला कोणी विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तरी हिरव्या बांगड्या आणि गणितातून सुटका यापुढे मला काही दिसत नव्हतं. वाईट वाटायला नंतर सुरुवात झाली. माणूस चांगला मिळाला, तो प्रश्नच नाही. पण नाही म्हणालीस तू आणि शाळा सुटली माझी, हे काही माझ्या मनातून गेलं नाही.

म्हणून आईच्या आजारात माझ्या हातून गोळ्यांची गडबड झाली आणि तू सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणालीस, "दहावी तरी झाली असतीस तर डॉक्टरची चिठ्ठी वाचता आली असती," तेव्हा माझ्या तोंडून ते गेलं. "घरात खुर्ची एकच होती, तिच्यावर तू बसलीस." दोघींचाही नेम बरोबर लागला. त्या दिवसापासून तू तिकडे आणि मी इकडे.

पान संपलं.

पद्मा


९ मार्च

अक्का,

निवीच्या फोनवर तुझा मेसेज पोचला. "प्रमेयं पाठ करून टाक म्हणावं. मार्क हमखास. आकृती पेन्सिलने काढायची, पेनने नाही." ना नमस्कार, ना नाव. सगळी मी त्या 'म्हणावं' एवढ्यात बसवली आहेस. निवीने विचारलं, मावशीला काय कळवू? मी म्हटलं, बरं म्हण. तिने 'बरं' लिहिलं आणि पुढे एक हसरं तोंड टाकलं. ते तोंड माझं नव्हे, एवढं ध्यानात ठेव.

तर प्रमेयं पाठ करते आहे. सकाळी केलगेरीच्या तळ्याच्या कडेने चालत मोठ्याने म्हणते. तिथं फिरायला येणारे रिटायर प्रोफेसर लोक मला बघून वाट सोडतात. एकाने तर आमच्या ह्यांना गाठून हळूच विचारलं म्हणे, घरी सगळं ठीक आहे ना?

घरात माझ्या परीक्षेचा थाट बघायला पाहिजेस. लक्कव्वांनी सिरियल बंद केली नाही, आवाज बंद केला. मुकी चित्रं बघतात आणि दर दोन मिनिटांनी मला हाक मारतात, "अगं, ती आता काय म्हणाली असेल गं?" अभ्यास सोडून मला सासू-सुनांचे संवाद रचावे लागतात. हे चहा करून आणतात, त्यात साखर विसरतात, आणि मी पिते. इतकी वर्षं या घरात मी सगळ्यांच्या परीक्षा काढल्या, माझी कोणी काढेल असं वाटलं नव्हतं. बरं वाटतं गं. उगीच खोटं का बोलू?

भीती गेलेली नाही. पण ती आता ओळखीची झाली आहे. येते, बसते, मी पेन खाली ठेवते, ती जाते. गणिताच्या दिवशी किती वेळ बसेल ते सांगता येत नाही. गणित गेलं की सगळंच गेलं, हे मला माहीत आहे. टीचरची जागा काही माझ्यासाठी अडून राहणार नाही, आणि पुन्हा पुस्तक हातात धरायचा धीर मला होईल असं वाटत नाही.

तू दवाखान्यात घाबरलेल्या माणसांना काय सांगतेस? मोठा श्वास घ्या, म्हणतेस ना? आणि घेतात का ते?

पद्मा


इंग्लिशच्या पेपरची संध्याकाळ

अक्का,

आज इंग्लिश झालं. कन्नड आधीच झालंय, त्यात मी बरी आहे. आजचीच हकिगत सांगण्यासारखी आहे.

सेंटरवर पोचले. निळी साडी नेसले होते, हातात पाण्याची बाटली आणि पारदर्शक पिशवी. वर्गाच्या दारात नवीन सुपरवायझर होता, निवीच्या वयाचा. मला बघून अगदी आदराने म्हणाला, "अम्मा, पालकरु होरगं निल्लरी." पालकांनी बाहेर थांबा. मी हॉल तिकीट पुढे केलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला, आणि एकदम "सॉरी टीचर" म्हणाला. अजून झाले नाही रे बाळा, म्हटलं, त्यासाठीच आले आहे.

आमच्या खोलीत सगळे माझ्यासारखेच, खासगी बसलेले नाहीतर राहिलेले विषय द्यायला आलेले. माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी, ज्योती. गेल्या वर्षी तिचे तीन विषय राहिले. पेपर मिळायच्या आधीच तिचा पाय इतका हलत होता की तिच्या बाकाची खुरखुर माझ्यापर्यंत येत होती. मी तिच्या पाठीला बोट लावलं. वळली तर डोळे भरलेले.

"मावशी, मला आठवतच नाही काही. आत्ता येत होतं सगळं."

"मलाबी नाही आठवत," म्हटलं. "पेन खाली ठेव. हात मांडीवर. त्या झाडावरचा कावळा बघ, तो काय करालाय ते सांग मला."

"काही करत नाही. बसलाय."

"मग आपणबी बसू की थोडा वेळ. पळून कुठं जातोय पेपर?"

ती नाक ओढत हसली. म्हणाली, "तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते की. पण माझ्याकडे बघतंय कोण? सगळ्यांना वाटतंय मी पाणी द्यायला आलेली बाई हाय."

मग घंटा झाली. पूर्ण वेळ तिची वेणी माझ्यापुढे होती. लिहिताना ती वेणी डावीकडे सरकायची, अडली की सरळ व्हायची. मला त्या वेणीचा आधार झाला म्हणशील तर हो, झाला. ती लिहिते आहे म्हटल्यावर मीही लिहिलं. बाहेर पडल्यावर कळलं, ती आमच्याच बाजूची, तळ्याच्या पलीकडे राहते. बसमध्ये शेजारी बसून तिने मला इंग्लिशची उत्तरं सांगितली आणि मी काय काय चुकवलं ते मला घरी पोचायच्या आत समजलं. तरी पास होईन.

आता गणित. तुझा मेसेज सकाळी आला होता. "पोट रिकामं ठेवू नको." या खेपेला 'म्हणावं' नव्हतं. मी बघितलं.

पद्मा


गणिताच्या पेपरची संध्याकाळ

अक्का,

आज लिहायला बसले आहे ते हात सुटावा म्हणून नाही. हात पुरता सुटलाय, बोटं दुखताहेत.

ज्योती आली नाही.

मी आत गेले तेव्हा तिचा बाक रिकामा होता. वाटलं, येईल, बस चुकली असेल. सुपरवायझरने सगळ्यांना उत्तरपत्रिका वाटल्या, तिच्याही बाकावर एक ठेवली. घंटा झाली. प्रश्नपत्रिका आल्या. दाराकडे बघून बघून माझी मान दुखायला लागली. अर्धा तास झाल्यावर त्याने ती कोरी उत्तरपत्रिका उचलली, हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली आणि पुढे गेला. बाकावर खडूने घातलेला तिचा नंबर तेवढा उरला.

तोवर माझ्या कागदावर एक अक्षर नव्हतं. पेन खाली ठेवलं. हात मांडीवर घेतले. खिडकीबाहेर आज कावळाही नव्हता, म्हणून समोर बघायचं म्हटलं तर समोर तो नंबर. किती वेळ बघत होते माहीत नाही. आणि बघता बघता, अक्का, मला तू दिसलीस.

आपली हॉल तिकिटं आली होती त्या दिवशी आपण किती हसलो होतो. पद्मा, मग पार्वती. यादीत लागून नावं, लागून नंबर. तू म्हणाली होतीस, "तू पुढं, मी मागं. गणिताच्या दिवशी जरा बाजूला सरकून बस, म्हणजे मला काय लिहितीस ते दिसेल," आणि मी म्हटलं होतं, माझं बघून लिहिलंस तर दोघी नापास. मग माझी हळद झाली, मी धारवाडला आले, आणि ते हॉल तिकीट कुठं गेलं हे मी कधी विचारलंही नाही. माझ्या डोक्यात इतकी वर्षं एकच चित्र होतं, तू ऐटीत बसून पेपर लिहिते आहेस आणि मी इकडे परक्या चुलीपुढे. तू कुठं बसली होतीस, समोर काय होतं, हे कधी डोळ्यांपुढे आलंच नाही.

समोर माझा बाक होता. माझा नंबर घातलेला. रोज कोणीतरी त्यावर कोरी उत्तरपत्रिका ठेवत असेल आणि रोज उचलत असेल. कन्नडला, इंग्लिशला, गणिताला, सगळ्या पेपरांना. तुला तर माहीत होतं मी का आले नाही ते.

निकालानंतर मी माहेरी आले होते. तू सेकंड क्लासमध्ये आली होतीस. वर्गात गणिताला पहिली येणारी तू. अप्पा म्हणाले, एवढा हट्ट करून सेकंडच? आणि मी हसले. मला बरं वाटलं होतं, अक्का. आज त्या बाकाकडे बघताना मला रडू आलं आणि तो पोरगा सुपरवायझर धावत आला, "टीचर, नीर बेकेन्री?" पाणी हवंय का विचारायला. अजून टीचरच म्हणतो मला.

पाणी प्याले. मग पेन्सिल घेतली आणि प्रमेयापासून सुरुवात केली. तू म्हणालीस तसं आकृती पेन्सिलने. शेवटचा एक मोठा प्रश्न राहिला, दोन उदाहरणांत आकडे गडबडले. पण काठावर तरी पोचेन. हे मी उगीच म्हणत नाही, येताना बसमध्ये दोनदा जुळवून बघितलं.

घरी न जाता आधी ज्योतीकडे गेले. ती आतल्या खोलीत होती, आई दाराबाहेर बसून रडत होती. मी दारातूनच म्हटलं, मावशी आली आहे, कावळावाली. तिने कडी काढली. म्हणाली, "गेटपर्यंत आले होते मी. पाय उचलेनात. परत फिरले." मी तिला ओरडले नाही. आता दुसऱ्यांदा परीक्षा घेतात, महिना दीड महिन्यात परत बसता येतं, ते तिलाही माहीत होतं, पण माहीत असून त्या वेळी काय उपयोग? तिला म्हटलं, मी नापास झाले तर तुझ्या मागच्या बाकावर असेन आणि पास झाले तर गेटपाशी असेन. पण तू तुझ्या बाकावर असलं पाहिजेस. विज्ञानाला येते म्हणाली आहे. तिच्या घरावरूनच जाऊन तिला घेऊन जाणार आहे.

घरी आले तर सगळे दारात. लक्कव्वा, निवी, हे शिफ्ट बदलून आलेले. तिघांनी एकदम विचारलं, पेपर कसा गेला? मी उत्तर दिलं नाही, आत येऊन हे पान घेतलं. ते बाहेर घाबरून बसले आहेत, बसू देत थोडा वेळ.

कारण मला आधी तुला विचारायचं आहे. त्या वर्षी तू घरी आलीस तेव्हा घरात लग्नाची आवराआवर चालली असेल, आई माझ्या आठवणीने रडत असेल, अप्पा तुझ्याशी बोलत नव्हते. तुला कोणी विचारलं नसणार. मी तर नाहीच विचारलं, आजपर्यंत नाही.

अक्का, गणिताचा पेपर कसा गेला होता गं तुझा?

तुझी,
पद्मा